मास्तरांचा उजवा पाय

गाडी ताब्यात घ्यायला आम्ही शोरूममध्ये गेलो, तेव्हाच मला कळायला हवं होतं. विक्रेत्यानं त्या पिवळ्या गाडीवरचं कापड झटक्यात ओढलं, दोन्ही दारं उघडली आणि आमचे मास्तर दिमाखात पुढे झाले. वाकले, आत शिरले, पट्टा लावला आणि समोर बघत ताठ बसले. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर.

विक्रेता हुशार निघाला. चेहऱ्यावर काहीही न दाखवता त्यानं किल्ली माझ्या हातात ठेवली. "अभिनंदन मॅडम. सुरुवातीला पाय जरा हलका ठेवा."

"छे, मला कुठं येतंय चालवायला!" मी म्हटलं. हे वाक्य मी इतकी वर्षं घोटलंय, की पर्समध्ये पडलेल्या माझ्या लायसन्सलासुद्धा ते खरं वाटलं असतं.

मास्तर म्हणजे माझा नवरा. सगळं शहर त्यांना मास्तर म्हणतं, मीही म्हणते. आधी चिडवायला म्हणायचे, आता तोंडात दुसरं काही येतच नाही. मास्तर शाळेतले नव्हेत, ड्रायव्हिंग स्कूलचे. शिकाऊ गाडीत मास्तरच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणारा गडबडला की मास्तरनं तो दाबायचा. आमच्या मास्तरांनी उभं आयुष्य त्या ब्रेकवर उजवा पाय अधांतरी धरून काढलं. झोपेतसुद्धा तो पाय पलंगाच्या पट्टीला लागलेला असतो. मी कूस बदलली तरी दाबतात.

आणि गंमत अशी, की एवढ्या जन्मात त्यांनी स्वतः गाडी जवळजवळ चालवलेलीच नाही. गरजच पडली नाही. आम्ही कुठंही निघालो तरी कुणाचा ना कुणाचा तास असायचा. बाजारात जायचं तर ज्याला गर्दीचा सराव हवा त्याला बोलवायचं. परगावी लग्न असलं तर हायवेचा तास. मुलीच्या वेळी मला कळा सुरू झाल्या तेव्हा गाडी चालवत होती एक बँकेतली बाई, आणि तिचा होता तिसरा तास. मी मागच्या सीटवर कण्हतेय आणि मास्तर तिला सांगताहेत, "घाई कुणाला आहे? आधी आरसा. मग इशारा. मग मान."

घाई मला होती! पण विचारतंय कोण.

'घाई कुणाला आहे?' हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. शहरातल्या अर्ध्या ड्रायव्हरांच्या कानात ते अजून घुमत असेल. लग्न झाल्यावर त्यांनी मलाही शिकवायला घेतलं होतं. पहिल्या तासाला ओरडले, दुसऱ्या तासाला जास्त ओरडले, तिसऱ्या तासाला मी गाडी सरावाच्या मैदानाच्या कुंपणात घातली आणि ते म्हणाले, "तुझ्याच्यानं हे व्हायचं नाही." बाकीच्या लोकांवर ते ओरडायचे, पण असं कुणालाच म्हणायचे नाहीत. मी दार उघडून खाली उतरले, चालत घरी आले आणि पुढचा आठवडाभर एकाही भाजीत मीठ घातलं नाही. त्यांनी मुकाट्यानं खाल्लं, पण शब्द काही मागे घेतला नाही.

मग मी शिवणाच्या क्लासला नाव घातलं. म्हणजे घरात तसं सांगितलं. जायचे पलीकडच्या रस्त्यावर, दातवाल्याकडे.

दातवाला म्हणजे मास्तरांचा एकुलता एक स्पर्धक. त्याच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवर त्याचाच हसरा फोटो आहे, म्हणून मास्तरांनी हे नाव ठेवलं. गाडी शिकवताना जो माणूस हसतो त्याला शिकवण्याचा परवानाच देऊ नये, असं मास्तरांचं मत. पण दोघांचं खरं वैर आहे गाडी मागे घेण्यावरून. मास्तर म्हणतात, आरशात बघून मागे घ्यायची. तीन तीन आरसे काय भांग पाडायला दिलेत? दातवाला म्हणतो, शेजारच्या सीटच्या पाठीवर हात टाका, अख्खे वळा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. कुठलीही गाडी मागे येताना दिसली, की मास्तर रस्त्यात उभे राहून निकाल देतात: हा आपला, हा त्याचा. आजवर एकदाही चुकलेले नाहीत.

त्या दातवाल्यानं मला हसत हसत शिकवलं. मी पहिल्याच फटक्यात परीक्षा पास झाले. तेव्हापासून दर गुरुवारी माझा शिवणाचा क्लास असतो, म्हणजे मी माझ्या बहिणीची गाडी घेऊन शहराबाहेरच्या रिंग रोडला मनसोक्त फेऱ्या मारते. आमच्या घरात आजतागायत एक उशीचा अभ्रा शिवला गेला नाही आणि मास्तरांनी त्याबद्दल एक प्रश्न विचारला नाही. हे घरात फक्त बहिणीला आणि मुलीला ठाऊक. ती म्हणते, "आई, बाबांना कळलं तर ते आधी रडतील, मग माझ्या स्कूलचा बोर्ड उतरवतील."

हो, स्कूल आता मुलीचं आहे. तिनं कारभार हातात घेतला, सरावाचं मैदान विकलं आणि बाबांना म्हणाली, या पैशातून तुम्हाला हवं ते घ्या. मास्तर उठून ऑफिसच्या कपाटाशी गेले. त्या कपाटाच्या दाराला आतून एका पिवळ्या गाडीचं चित्र चिकटवलेलं होतं. मुलीचे दुधाचे दात पडत होते तेव्हापासून. आम्हाला दोघींना वाटायचं, कपाटाचं भोक झाकायला लावलंय.

"ही?" मी विचारलं. "अहो, तुम्ही ताशी तीसच्या वर कधी गेला नाहीत."

"म्हणूनच," ते म्हणाले. "जन्मभर गाड्या थांबवल्या गं. एकदा एक सोडून बघायचीय."

 

तर गाडी आली. आता पहिल्या दिवसांचं विचाराल, तर पहिली गोष्ट म्हणजे त्या गाडीत बसत नाहीत, पडतात. आधी बूड टेकवायचं, मग पाय गोळा करून आत घ्यायचे, मग डोकं आठवणीनं आत घ्यायचं. मास्तर काडीसारखे बारीक, त्यांचं निभावलं. मी मात्र पहिल्याच दिवशी बाहेर येताना फुटपाथवर दोन्ही हात टेकून रांगत आले आणि समोरच्या माडीवरच्या शिंपीणबाईंनी काय हरवलं म्हणून विचारलं. दुसरी गोष्ट, आवाज. सुरू केली की आमच्या स्वयंपाकघरातली भांडी मांडणीत थरथरतात. तिसरी, गाडीला नाक वर करायचं एक बटण आहे. गतिरोधक आला की दाबायचं, म्हणजे पुढचा भाग उचलला जातो. मी म्हटलं, आमच्या घरात नाक वर करायला बटण कशाला हवं? मास्तर हसले नाहीत. ते माहितीपुस्तकाची उजळणी करत होते.

मग आम्ही दोघं फेरी मारायला निघालो, मास्तर ड्रायव्हरच्या सीटवर आणि मी शेजारी. आणि ह्या माणसानं गाडी सुरू केल्याबरोबर स्वतःलाच शिकवायला घेतलं.

"आरसा," मास्तर मोठ्यानं म्हणाले. आरसा बघितला. "इशारा." इशारा दिला. "मान वळव. वळव मान! हां, आता हळूच… हळू! अरे हळू म्हटलं ना, काय करतोयस!"

आणि उजवा पाय दाणकन ब्रेकवर. त्या गाडीचे ब्रेक म्हणजे थट्टा नव्हे. माझा थर्मास काचेवर, काचेवरून माझ्या मांडीवर, आणि मास्तर घामाघूम. मास्तर ओरडले होते मास्तरांवर, आणि मास्तरांनी ओरडा खाल्ल्यावर प्रत्येक शिकाऊ माणूस करतो तेच मास्तरांनी केलं होतं. गोठले होते.

"कुणी आडवं आलं का?" मी विचारलं.

"पान," ते म्हणाले. "झाडाचं."

पुढे तेच. पान आलं, ब्रेक. कबुतर आलं, ब्रेक. पलीकडच्या रस्त्यावर कुणी शिंकलं, ब्रेक. मध्येच त्यांचा हात झटकन माझ्याकडे यायचा, शिकाऊ माणसाचं स्टिअरिंग सरळ करायला, आणि माझा थर्मास घट्ट धरून वळवायला बघायचा. कोपऱ्यावरून घरी यायला आम्हाला चालण्यापेक्षा जास्त वेळ लागला. असं चार-पाच दिवस चाललं. मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून हसायचे. खोटं कशाला सांगू, भरपूर हसले.

पण मग तो चौकातला दिवस आला. सिग्नल हिरवा झाला आणि मास्तरांची गाडी दोन हात पुढे जाऊन थांबली. पुन्हा दोन हात, पुन्हा थांबली. मागे रांग लागली. मागच्या भाजीच्या टेंपोतून एक दणकट माणूस उतरला, आमच्या खिडकीशी येऊन गुडघ्यावर बसला (उभं राहून त्या गाडीत कुणाचं तोंड दिसत नाही), आणि त्याचा चेहरा खुलला.

"मास्तर! ओळखलंत का? तुमच्याचकडे शिकलो!" मग त्यानं आत वाकून मास्तरांचा पाय बघितला आणि अगदी प्रेमानं म्हणाला, "मास्तर, ब्रेकवर पाय ठेवून गाडी पुढे जात नाही, तुम्हीच सांगायचात ना? असू द्या, असू द्या. घाई कुणाला आहे?"

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मास्तरांचे कान लाल झाले. गाडी गॅरेजमध्ये लावली, तिच्यावर कापड ओढलं, चारी बाजूंनी नीट खोचलं आणि शोरूमला फोन लावला. गाडी परत घ्या. ते म्हणाले, रविवारी सकाळी माणूस पाठवतो.

"अहो, सवय होईल हळूहळू," मी म्हटलं.

"माझ्याच्यानं हे व्हायचं नाही," मास्तर म्हणाले.

हे वाक्य कुठं ऐकलंय ते मला बरोबर आठवलं. एरवी मी तिथल्या तिथं वसूल केलं असतं. पण ते वहाणा काढून आत गेले ते असे खांदे पाडून, की माझी जीभ उचललीच नाही.

शनिवारी दुपारी मी वाळवलेले कपडे घ्यायला मागे गेले तर गॅरेजमधून आवाज येत होता. कापड घातलेल्या गाडीच्या आतून. मी गाडीच्या डाव्या खिडकीशी कान लावला. मास्तर कापडाखाली, गाडीत, शेजारच्या सीटवर बसून कुणाला तरी शिकवत होते. "छान. आता सोड. सोड पुढे. रस्ता मोकळाय." आवाजात इतका गोडवा, की तो त्यांचाच आहे का अशी शंका यावी. ड्रायव्हरच्या सीटवर अर्थात कुणी नव्हतं. मी तिथंच कपड्यांचा ढीग छातीशी धरून उभी राहिले आणि मनाशी म्हटलं, बास झाला शिवणाचा क्लास.

मुलीला फोन केला. ती म्हणाली, "सांग. पण दातवाल्याचं नाव घेऊ नकोस. बाकी सगळं झेपेल त्यांना."

रविवारी सकाळी मास्तर शेवटचं बसायला म्हणून गॅरेजमध्ये गेले आणि कापडाखाली, शेजारच्या सीटवर शिरले ते मी पाहिलं. पाठोपाठ गेले, एका झटक्यात कापड ओढलं, फाटकाकडे तोंड करून लावलेल्या गाडीचं दुसरं दार उघडलं आणि आधी बूड, मग पाय, मग डोकं अशी ड्रायव्हरच्या सीटवर पडले.

छे, चुकले. फाटकाकडे तोंड नव्हतंच. मास्तरांनी गाडी नाक आत घालून लावली होती, आणि तिथंच माझा घात झाला. पण ते पुढे.

"काय करतेयस?" मास्तर म्हणाले.

"माणूस यायच्या आत एक फेरी."

"तुला येत नाही चालवायला."

मी पर्समधून लायसन्स काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटं केलं, सुलटं केलं, उजेडाला धरलं. माझ्याकडे बघितलं. पुन्हा फोटोकडे बघितलं.

"म्हणजे शिवण…"

"हो."

"तरीच," ते सावकाश म्हणाले. "तरीच घरात एक अभ्रा नवा दिसला नाही." म्हणजे लक्षात आलं होतं तर! मग आवाज चढला. "आणि शिकलीस कुणाकडे?"

"शिकले कुठंतरी," मी म्हटलं आणि गाडी सुरू केली. घरातली भांडी थरथरली. गाडी मागे घ्यायची होती. मी सवयीनं त्यांच्या सीटच्या पाठीवर हात टाकला, अख्खी वळले आणि मागच्या काचेतून बघायला लागले.

मास्तरांनी आधी पाठीवरचा माझा हात बघितला, मग माझी वळलेली मान.

"दातवाला," मास्तर म्हणाले.

"अहो…"

"दातवाला! माझ्या घरात! माझ्याच गाडीत!"

"ओरडू नका, मी गाडी मागे घेतेय."

"आरशात बघ!"

"डोळ्यांनी दिसतंय मला."

तेवढ्यात शोरूमचा माणूस फाटकातून आत येत होता. मी त्याला हात केला, त्याच्या बाजूनं गाडी अलगद काढली आणि रस्त्याला लागले. तो काहीतरी म्हणत चार पावलं मागे धावला, पण आमच्या गाडीपुढे चार पावलं म्हणजे काय!

रिंग रोड येईपर्यंत मास्तरांचा उजवा पाय गाडीच्या फरशीवर आपटत होता. पान आलं, धप्. सायकल आली, धप्. तिथं ब्रेक नव्हता आणि गाडी थांबत नव्हती. त्यांनी दोनदा स्टिअरिंगकडे हात आणला, दोनदा मी तो थोपटून परत त्यांच्या मांडीवर ठेवला.

"आरसा," ते म्हणायचे.

"बघितला."

"इशारा."

"दिला."

"मान."

"अहो, ती वळलेलीच आहे."

बराच वेळ ते माझे हात बघत होते, मग पाय बघितले, मग रस्ता. बोलले तेव्हा आवाज खाली होता.

"वळणावर आधी वेग कमी करतेस. तो शिकवतो वाटतं हे?"

"तो शिकवतो."

"हं." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुझ्यावर ओरडायचो ते… दुसऱ्या कुणी आपटली असती तर फक्त गाडीचं वाटोळं झालं असतं. तू आपटलीस तेव्हा तुला काही होईल म्हणून माझा पायच गोठला. ब्रेकवर होता आणि दाबता आला नाही. असं कुणाच्या बाबतीत झालं नव्हतं. म्हणून म्हटलं, नकोच."

इतकी वर्षं बिनमिठाचा तो आठवडा मी कौतुकानं सांगत आलेय, आणि हा माणूस हे पोटात ठेवून बसला होता. मला रडू आलं आणि रागही आला. दोन्ही एकदम येतात तेव्हा मी फटकळ होते.

"मग तसं सांगायचं ना! व्हायचं नाही म्हणे!"

"चुकलं," मास्तर म्हणाले. आमच्या संसारात हा शब्द पहिल्यांदाच आला, त्यामुळे मी गाडी जरा सावकाश केली.

समोर रिंग रोडचा सरळ पट्टा लागला. लांबपर्यंत एकही गाडी नाही. शेजारी काहीतरी खसफस सुरू झाली. बघते तर मास्तर वाकून बुटाच्या नाड्या सोडत होते. त्यांनी दोन्ही बूट काढले, नीट जोडून बाजूला ठेवले. मग त्या अरुंद सीटवर, कुरकुर करत, गुडघे इकडे तिकडे आपटत, त्यांनी आधी डावा पाय वर घेतला. मग तो उजवा. आणि चक्क मांडी घालून बसले.

उजवा पाय मांडीखाली घट्ट दाबलेला. आता एखादा हत्ती आडवा आला असता तरी तो वेळेवर निघाला नसता.

"पट्टा घट्ट आहे ना?" मी विचारलं.

"आहे."

"मग? नेऊ अशीच सावकाश? घाई कुणाला आहे?"

मास्तरांनी हात मांडीवर ठेवले आणि समोर बघितलं.

"मला आहे," ते म्हणाले. "सोड."